विशेष मुलांच्या निवासी शाळा: अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ही मुलं जातात कुठे?

मूल बौद्धिक दिव्यांग असेल, तर त्याची जन्मतारीख आईवडिलांना दोनदा घाम फोडते. पहिल्यांदा सहाव्या वर्षी, कारण जवळची शाळा त्याला प्रवेश द्यायला कां-कूं करते. दुसऱ्यांदा अठराव्या वर्षी, कारण मोठ्या मुश्किलीने मिळालेली विशेष शाळा तेव्हा संपते. मूल निवासी शाळेत असेल, तर शाळेबरोबर त्याची खाट, जेवणाचं ताट आणि रात्री उठून लक्ष देणारं माणूसही सुटतं.

इतर मुलांसाठी अठरावं वर्ष म्हणजे मतदानाचा हक्क, गाडीचं लायसन्स, कॉलेजचं पहिलं-दुसरं वर्ष. पण ज्या मुलाला आंघोळ, जेवण आणि औषधासाठी रोज दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्या गरजा एका वाढदिवसाने बदलत नाहीत. बदलतो तो फक्त सरकारी कागदावरचा रकाना. ‘बालक’ असलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी ‘प्रौढ’ होते आणि तिच्यासाठीच्या बहुतेक व्यवस्था तिथेच थांबतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिलेल्या एका आदेशामुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला. प्रकरण दिल्लीतल्या रोहिणी भागातल्या ‘आशा किरण’ या सरकारी संस्थेचं होतं. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या या संस्थेत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक राहत होते. जुलै २०२४ मध्ये एकाच महिन्यात तिथे दहाहून अधिक मृत्यू झाल्यावर देशभर बातम्या झाल्या. कोर्टाने मात्र एका संस्थेपुरतं न थांबता देशभरातल्या अशा सरकारी काळजीगृहांची पाहणी करायला सांगितली. ‘प्रोजेक्ट एबिलिटी एम्पॉवरमेंट’ नावाच्या या कामाची जबाबदारी आठ राष्ट्रीय विधी विद्यापीठांवर सोपवण्यात आली.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पंधरा वर्षांपूर्वी मुंबई हायकोर्टाने असंच एक प्रकरण स्वतःहून हाती घेतलं होतं. तेव्हा नेमकं काय घडलं होतं, कायदा काय सांगतो आणि अठरा वर्षांनंतरचं कोडं अजून का सुटलेलं नाही, ते समजून घेऊया.

किती मुलं आणि शाळेत किती?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यापैकी साधारण २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. ही गणना आठ प्रकारांत झाली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे धोरणं आखताना आजही आधाराला घेतले जातात ते आकडे जुन्या व्याख्येचे आणि जुन्या काळाचे आहेत.

शाळेचं चित्र त्याच जनगणनेत दिसतं. ५ ते १९ वयोगटातल्या दिव्यांग मुलांपैकी ६१ टक्के मुलं शिक्षणसंस्थेत जात होती. २७ टक्के मुलांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. एकापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांमध्ये तर कधीच शाळेत न गेलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून अधिक होतं. युनेस्कोने २०१९ मध्ये भारतातल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणावर अहवाल काढला. पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश मुलं कुठल्याच शिक्षणसंस्थेत नसल्याचं त्यात म्हटलं होतं.

थोडक्यात, दिव्यांगत्व जितकं गुंतागुंतीचं, तितकी शाळा लांब.

कायद्याने शाळेचे रस्ते किती?

कागदावर रस्ते तीन आहेत.

पहिला, घराजवळची नेहमीची शाळा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. दिव्यांग मुलांसाठी २०१६ चा कायदा आणखी पुढे जातो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेही घराजवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत.

दुसरा रस्ता म्हणजे ही विशेष शाळा. महाराष्ट्रात विशेष शाळा मुख्यतः स्वयंसेवी संस्था चालवतात आणि त्यातल्या अनेकांना सरकार अनुदान देतं. काही शाळांत मुलं दिवसा येऊन संध्याकाळी घरी जातात. काही निवासी असतात.

तिसरा रस्ता घरीच शिकण्याचा. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. समग्र शिक्षा योजनेतून विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मुलींना दरमहा २०० रुपये भत्ता वेगळा, तोही वर्षातले दहा महिने.

प्रत्यक्षात हे रस्ते कुठे अडतात, ते शिक्षकांच्या संख्येवरून कळतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचं प्रमाण सांगितलं. बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या पाच मुलांमागे एक शिक्षक. सेरेब्रल पाल्सीच्या आठ मुलांमागे एक. दोन किंवा अधिक दिव्यांगत्व एकत्र असतील, तर दोन मुलांमागे एक. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये त्याच कोर्टाला सगळ्या राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, की विशेष शिक्षकांची पदं आधी मंजूर करून जाहीर करा, मग भरती करा.

गावातल्या शाळेत हा शिक्षक पूर्णवेळ नसेल, तर मुलाचं नाव पटावर राहतं आणि मूल घरी. अशा वेळी पालक निवासी शाळेचा पत्ता शोधू लागतात.

निवासी शाळा लागतेच का?

या प्रश्नाचं उत्तर दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार बदलतं.

अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी निवासी शाळांची परंपरा जुनी आहे. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकात सुरू झाली. १८८७ मध्ये अमृतसरला अंधांसाठी पहिली शाळा निघाली. ब्रेल किंवा सांकेतिक भाषा शिकवणारं माणूस गावोगावी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून मुलं शिक्षकाकडे राहायला गेली. अशा शाळांतून शिकून अनेक मुलं नोकरीधंद्याला लागली. त्यांच्यासाठी वसतिगृह हा मधला टप्पा होता.

बौद्धिक दिव्यांग मुलांचं तसं नाही. मुंबईतली ‘जय वकील’ ही शाळा १९४४ मध्ये एका दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. अशा शाळांमध्ये आज अक्षरओळखीबरोबर बटण लावणं, भूक लागली हे सांगणं, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं शिकवलं जातं. या मुलांसाठीच्या शाळांत एकसारखा अभ्यासक्रम असावा म्हणून राज्यात ‘दिशा’ अभियानही राबवलं जातं. मुलं शिकतात, पुढे जातात. पण त्यातल्या अनेकांना आयुष्यभर कमी-जास्त आधार लागतोच.

मग त्यांना घरापासून लांब का पाठवलं जातं? कारणं बहुतेक वेळा घरच्या परिस्थितीत असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारं कुटुंब उसाच्या फडात तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला कसं सांभाळणार? आई एकटी असेल आणि मजुरीवर घर चालत असेल, तर दिवसभर मुलाजवळ कोण बसणार? तेरा-चौदा वर्षांचा मुलगा अंगाने मोठा झाला, की त्याला उचलून अंघोळ घालणं साठीच्या आजीला जमत नाही. मुलगी वयात आली, की तिला एकटीला घरात ठेवण्याची भीती वाटते.

या सगळ्या घरांना शाळा हवी असते, हे खरंच. पण त्याहून जास्त हवा असतो मुलाच्या देखभालीचा भार वाटून घेणारा कोणीतरी. जवळपास दिवसभर सांभाळणारं केंद्र नसतं, म्हणून हे काम निवासी शाळेवर येऊन पडतं.

एक मूल, तीन खाती

समजा, नऊ वर्षांची एक बौद्धिक दिव्यांग मुलगी आहे. ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जात असेल, तर तिचा विषय शालेय शिक्षण विभागाचा. निवासी विशेष शाळेत असेल, तर दिव्यांग कल्याण विभागाचा. महाराष्ट्राने हा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केला. त्याआधी हे काम सामाजिक न्याय विभागाकडे होतं. आणि तीच मुलगी रेल्वे स्टेशनवर बेवारस सापडली, तर ती बालकल्याण समितीसमोर जाते आणि तिथून बालगृहात. बालगृहं महिला व बालविकास विभागाची.

मुलगी तीच, तिच्या गरजाही त्याच. पण तिची फाइल कुठल्या खात्यात उघडली, त्यावर तिला शिक्षक मिळणार की फक्त काळजीवाहक, तपासणीला कोणता अधिकारी येणार आणि अठरा वर्षांनंतर कुठला नियम लागणार, हे ठरतं. अनुदानित विशेष शाळेत विशेष शिक्षक, वाचा उपचारतज्ज्ञ, अधीक्षक, काळजीवाहक अशी पदं असतात. बालगृहाची रचना बाल न्याय कायद्यातून येते आणि तिथे भर मुलांच्या संरक्षणावर असतो. बौद्धिक दिव्यांग मुलीला शिक्षण आणि संरक्षण दोन्ही सारखंच लागतं.

शिवाय कायद्याचं मूळ म्हणणं वेगळंच आहे. २०१६ च्या कायद्याचं नववं कलम सांगतं, की दिव्यांगत्वाच्या कारणावरून कुठल्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही. तसं करायचं तर मुलाच्या हिताचा विचार करून सक्षम न्यायालयाने आदेश द्यायला हवा. आईवडील सांभाळू शकत नसतील तर आधी जवळचे नातेवाईक, मग समाजातलंच एखादं कुटुंब आणि अपवाद म्हणून निवारागृह, असा क्रम कायद्याने लावला आहे. व्यवहारात नातेवाईक मागे सरतात, पर्यायी कुटुंब सापडत नाही आणि अपवाद म्हणून सांगितलेली जागा बेवारस मुलांसाठी पहिली आणि एकमेव उरते.

बंद दाराआडचे अठरा तास

दिवसाचे चोवीस तास. त्यातली शाळा साधारण सहा तासांची. उरलेले अठरा तास मूल वसतिगृहात असतं. शिक्षकांच्या प्रमाणावर सुप्रीम कोर्टापर्यंत लढाई झाली, ती त्या सहा तासांची. अठरा तासांमध्ये रात्री किती माणसं जागी असतात, मुलींच्या खोलीत कोण झोपतं, फिट आली तर दवाखान्यात कोण नेतं, यावर तेवढी चर्चा होत नाही.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या बालगृहातल्या उपासमारीच्या आणि छळाच्या बातम्या आल्या. मुंबई हायकोर्टाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि राज्यातल्या अशा संस्थांची पाहणी करण्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या पाहण्यांमधूनच २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतलं प्रकरण उजेडात आलं. तिथल्या बौद्धिक दिव्यांग आणि इतर मुलींवर लैंगिक अत्याचार झाले होते. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकासह अनेकांना दोषी ठरवलं.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. बाहेरचं कोणी आत जाऊन मुलांशी बोलेपर्यंत काही कळलं नाही. जे मूल बोलू शकत नाही, ते तक्रार करू शकत नाही. ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्या अंगावरचे वळ कोणी पाहत नाही. ज्या संस्थेत भेटीगाठी कमी, तिथे धोका जास्त, असं साधं गणित त्यातून निघतं.

कायद्यात तरतुदी आहेत. दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. मुलाच्या दिव्यांगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार पॉक्सो कायद्यात अधिक गंभीर गुन्हा मानला जातो. अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घेता येते. गुन्ह्याची माहिती असून कळवली नाही, तर संस्थेच्या प्रमुखाला शिक्षा होऊ शकते. पण या सगळ्या तरतुदी गुन्हा कोणाच्या तरी नजरेस पडल्यानंतर कामाला लागतात.

आणि इथे अठराव्या वर्षाचा मुद्दा पुन्हा येतो. पॉक्सो अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. बालकल्याण समितीचं अधिकारक्षेत्रही बालकांपुरतं. संस्थेतल्या एकोणीस वर्षांच्या मुलीची समज पाच वर्षांच्या मुलीएवढी असली, तरी कायद्याच्या हिशेबात ती प्रौढ बाई आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर नेमकं काय होतं?

कुटुंब असेल तर मूल घरी परत येतं. दहा-बारा वर्षं शाळेच्या वेळापत्रकात राहिलेल्या मुलाला घरी करायला काही नसतं. काही ठिकाणी अठरा वर्षांपुढच्यांसाठी संरक्षित कार्यशाळा आहेत. तिथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फाइली, पणत्या, मसाल्यांची पाकिटं असं काम शिकवलं जातं. पण प्रत्येक तालुक्यात अशी कार्यशाळा नाही आणि असली तरी प्रत्येक ठिकाणी राहण्याची सोय नाही. मग शिकलेल्या सवयी हळूहळू सुटत जातात. राज्य सरकारने संजय गांधी निराधार योजनेतलं दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अर्थसहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये घेतला. घरखर्चाला हा हातभार आहे. पण एवढ्या पैशांत दिवसभरासाठी माणूस ठेवता येत नाही.

कुटुंब नसेल तर प्रश्न आणखी कठीण. बाल न्याय कायद्यात संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी अनुरक्षण व्यवस्था आहे. ती २१ व्या वर्षापर्यंत मिळू शकते आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. ही रचना डोळ्यांसमोर ठेवते ते असं मूल, जे दोन-चार वर्षांच्या आधाराने स्वतःच्या पायावर उभं राहील. ज्याला आयुष्यभर आधार लागणार आहे, त्याच्यासाठी २१ आणि २३ हे आकडे १८ इतकेच परके आहेत.

त्यात कागदपत्रांचा प्रश्न. अठरानंतर आईवडील मुलाचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर मार्ग काढला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घेता येतं. बँक खातं, मालमत्ता, वारसाहक्क अशा कामांत हे प्रमाणपत्र मागितलं जातं. अनेक पालकांना याचा पत्ता बँकेच्या काउंटरवर लागतो.

याच न्यासाच्या ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या योजना निवासी काळजीसाठी आहेत. प्रौढांना आयुष्यभर राहता येईल असं गटघर, ही घरौंदाची कल्पना. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं. योजना चांगल्या आहेत, पण त्या चालवायला नोंदणीकृत संस्था पुढे यावी लागते. जिथे संस्था नाही, तिथे योजनाही नाही.

कायद्यातला एका वाक्याचा फरक

असं का झालं, याचं एक उत्तर कायद्याच्या भाषेत आहे.

२०१६ च्या कायद्यात ६ ते १८ वर्षांच्या शिक्षणाचं कलम थेट हक्काच्या भाषेत लिहिलं आहे. मुलाला हक्क असेल, सरकार तो पुरवेल. त्याच कायद्याचं चोविसावं कलम सामाजिक सुरक्षिततेचं आहे. कुटुंब नसलेल्या, टाकून दिलेल्या, निवारा नसलेल्या दिव्यांगांना आधार द्यावा, सुरक्षित आणि स्वच्छ राहणीमान असलेली केंद्रं असावीत, असं ते सांगतं. मात्र त्याची सुरुवात एका अटीने होते: सरकार आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत यासाठी योजना आखेल.

अठराच्या आधी हक्क आणि अठरानंतर ऐपतीप्रमाणे मदत. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या आयुष्यातली मोठी दरी या एका अटीत आहे. शाळेसाठी पालक कोर्टात जाऊन हक्काने मागू शकतात. तिशीतल्या मुलाच्या राहण्याच्या सोयीसाठी मागणी केली, तर सरकारकडे तिजोरीचं उत्तर तयार असतं.

वझ्झर, खोणी, मारुंजी: लोकांनी काढलेली उत्तरं

सरकारी व्यवस्था जिथे थांबते, तिथे काही लोकांनी आपापली वाट काढली.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर अनाथ दिव्यांग मुलांचं बालगृह चालवतात. शंभराहून अधिक मुलांच्या नावापुढे वडील म्हणून त्यांचं नाव लागलं. अठरा झाल्यावर मुलांना बाहेर काढायचं नाही, ही त्यांची भूमिका. बेवारस दिव्यांग मुलांना अठरानंतरही संस्थेत राहता यावं यासाठी कायदा करा, अशी मागणी ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्या बालगृहात वाढलेली एक अंध मुलगी एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण झाली. लहानपणी ती टाकून दिलेल्या अवस्थेत सापडली होती. अठराव्या वर्षी तिला दार दाखवलं असतं, तर ही बातमी कधी आलीच नसती.

दुसरी वाट पालकांची. डोंबिवलीजवळ खोणी इथे ‘अमेय पालक संघटने’ने ‘घरकुल’ उभारलं. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या आईवडिलांनीच एकत्र येऊन मुलांच्या कायमच्या राहण्याची सोय केली. पुण्याजवळ मारुंजीत ‘नवक्षितिज’ आणि मुळशी तालुक्यात कोळवणला ‘साधना व्हिलेज’ प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करतात. अशा ठिकाणी छोट्या गटात राहणं, रोजचं काम वाटून घेणं आणि आसपासच्या गावाशी संबंध ठेवणं यावर भर असतो.

पण या उदाहरणांची मर्यादाही बघायला हवी. पालकांच्या संस्था उभ्या राहतात, त्या बहुतेक शहरांच्या आसपास. जमीन, देणगीदार, वेळ आणि कागदपत्रं सांभाळणारे सुशिक्षित पालक जिथे असतात, तिथे. बीड किंवा नंदुरबारमधल्या मजूर आईकडे यातलं काहीच नसतं. आणि एका व्यक्तीच्या तळमळीवर उभ्या असलेल्या संस्थेला एक प्रश्न कायम सतावतो: त्यांच्यानंतर कोण?

संस्था वाढवायच्या की बंद करायच्या?

दिव्यांग हक्कांसाठी काम करणाऱ्यांमध्ये यावर मतभेद आहेत. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार सांगतो, की दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखं समाजात राहण्याचा हक्क आहे. मोठ्या संस्थांमध्ये माणसं समाजापासून तुटतात, त्यांच्या आवडीनिवडी पुसल्या जातात आणि छळ लपवणं सोपं होतं, असा एका बाजूचा आक्षेप आहे. ‘आशा किरण’पासून कवडासपर्यंतचा अनुभव पाहिला, तर तो खोडून काढणं अवघड आहे.

दुसरी बाजू पालकांची. पर्याय उभा न करता संस्था बंद केल्या, तर सगळा भार घरातल्या बाईवर येतो. आई नोकरी सोडते, मोठ्या बहिणीची शाळा सुटते. घर म्हणजे नेहमी सुरक्षित जागा, असंही नाही. कितीतरी घरांत मुलाला बांधून ठेवण्याची वेळ येते, कारण सांभाळायला दुसरं कोणीच नसतं.

या दोन टोकांमध्ये जागा आहे. तालुक्याच्या ठिकाणी दिवसभराचं केंद्र असेल, तर अनेक मुलांना निवासी शाळेची गरजच पडणार नाही. आई आजारी पडली किंवा घरात लग्न असलं, तर मुलाला आठ-पंधरा दिवस ठेवता येईल अशी सोय असेल, तर कुटुंब टिकून राहतं. आणि ज्यांना कोणीच नाही, त्यांच्यासाठी शेकडो खाटांच्या इमारतीऐवजी वस्तीतली आठ-दहा जणांची घरं. यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या सरकारी योजनेत लिहिलेली आहे. पण शाळा एका खात्याकडे, बालगृह दुसऱ्याकडे आणि गटघर केंद्राच्या न्यासाकडे असल्यामुळे सतराव्या वर्षी मुलाची फाइल पुढच्या टेबलावर सरकवणं कोणाचंच काम नसतं.

निवासी शाळा निवडताना काय बघावं?

पालकांना आज निर्णय घ्यायचाच असेल, तर काही गोष्टी आधी विचाराव्यात.

- नोंदणी: २०१६ च्या कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा. त्याची मुदत आणि मंजूर मुलांची संख्या बघा. प्रत्यक्षात मुलं त्यापेक्षा जास्त आहेत का, ते मोजा.
- शिक्षक: विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही.
- रात्र: संस्था बघायला शक्यतो संध्याकाळी जा. रात्री किती काळजीवाहक असतात, मुलींच्या बाजूला महिला कर्मचारी आहेत का, जवळचा दवाखाना किती लांब आहे, हे विचारा.
- भेट: पालकांना न कळवता भेटायला येऊ देतात का? ‘मुलाला सवय होईपर्यंत तीन महिने येऊ नका’ असं सांगितलं, तर सावध व्हा.
- औषधं: फिटची किंवा झोपेची औषधं कोण देतं आणि त्याची रोजची नोंद कुठे ठेवतात? मूल सुट्टीत घरी आल्यावर सतत गुंगीत असेल, तर त्याची कारणं शोधा.
- अठरानंतर: याआधी अठरा पूर्ण केलेली मुलं सध्या कुठे आहेत, हे विचारा. चांगल्या संस्थेला त्यांची नावं माहीत असतात.

तक्रार करायची असेल, तर मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन, बालकल्याण समिती आणि पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय हे मार्ग आहेत. मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं, की कायदेशीर पालकत्वाच्या अर्जाची तयारी सुरू करावी. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, बँक खातं आणि निरामयची नोंदणी त्याआधीच झालेली बरी.

मग पुढे काय?

विधी विद्यापीठांच्या पाहणीतून सरकारी संस्थांचं चित्र समोर येईल. त्यात इमारती, खाटा, कर्मचारी, जेवण यांची मोजदाद असेलच. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग असलेलं हे राज्य एक साधी गोष्ट लगेच करू शकतं. राज्यातल्या निवासी विशेष शाळा आणि बालगृहांत आज सोळा ते अठरा वयाची किती मुलं आहेत, त्यातल्या किती जणांना घर आहे आणि किती जणांना नाही, याची एकत्र यादी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. मुलांची नावं पटावर आहेतच.

ही यादी झाली, तर दरवर्षी किती खाटा, किती गटघरं आणि किती कार्यशाळा लागणार, हे आकड्यांत सांगता येईल. तोपर्यंत ‘आमच्यानंतर हिचं काय?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक आईवडिलांना एकेकट्याने शोधावं लागणार आहे. ज्या मुलांना आईवडीलच नाहीत, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न विचारणारंही कोणी नाही.